न्यायाधीशाच्या शेजारीं एक दिवस

(धारणी येथें पालक व विद्यार्थी यांच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



आजच्या सभेचा विषय "मुलांनीं पुढें काय व्हावें" हा आहे. माझ्या आधींच्या वक्त्यांनीं डॉक्टर, इंजिनियर, तलाठी, पोलीस, वनरक्षक इतक्यांचीं नांवें घेतलीं. न्यायाधीशाचें नांव कोणीं घेतलें नाहीं. त्यांचा यांत दोष नाहीं. मेळघाटांत तें नांव घेण्याची आपल्याला संवयच नाहीं. न्यायाधीश म्हटला म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या तरी घरीं जन्मावयाचा आणि आपण त्याच्यापुढें हात जोडून उभें राहावयाचें, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. ती समजूत खोटी आहे, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे. त्यासाठीं पुस्तकांतलें नव्हे, डोळ्यांनीं पाहिलेलें उदाहरण घेतों.

मी कायद्याचा पदवीधर नाहीं. अध्यापक विद्यालयाची पदविका घेऊन मराठी शाळेंत वीस-बावीस वर्षें मुलें शिकवीत आहें. मागें एकदां माझ्या शेजारच्या शेतकऱ्याबरोबर आपल्या जिल्ह्यांतल्या एका तालुक्याच्या न्यायालयांत जाण्याचा प्रसंग आला. गांवाचें नांव मुद्दाम सांगत नाहीं. त्या शेतकऱ्याचा धुऱ्याचा दावा होता आणि त्या दिवशीं लोकअदालत होती.

लोकअदालत म्हणजे काय हें पुष्कळांना ठाऊक नसतें, म्हणून थोडक्यांत सांगतों. १९८७ सालच्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें तिला आधार दिला व तो कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलांत आला. तालुक्याच्या ठिकाणीं त्या दिवशीं एक मंडळ बसतें. त्यांत एक न्यायाधीश असतो आणि त्याच्या जोडीला एक वकील किंवा एक समाजकार्यकर्ता, किंवा दोघेही. हें मंडळ आपलें मत कोणावर लादीत नाहीं. दोन्हीं पक्ष राजी झाले तरच तडजोड लिहावयाची. जमलें नाहीं तर प्रकरण जसेंच्या तसें न्यायालयाकडे परत. पण एकदां जमलें, म्हणजे त्या कागदाला दिवाणी हुकूमनाम्याची किंमत येते, भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि त्यावर अपील नाहीं. "अपील नाहीं" हे दोन शब्द ध्यानांत ठेवा. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

तर आमचा पुकारा झाला. आंत जाऊन पाहतों तों न्यायाधीशसाहेबांच्या डाव्या हाताला, काळा कोट घालून, माझीच एक जुनी विद्यार्थिनी बसलेली! आईबाप कोरकू, दोघेही मजुरीवर. चवथीपर्यंत माझ्या वर्गांत होती. पुढें आश्रमशाळा, मग अमरावतीस कायदा. वकिलीचें तिचें तिसरें वर्ष चालू होतें. तिनें मला ओळखलें, पण ओळख दाखविली नाहीं. तें मला बरें वाटलें. जेथें न्याय करावयाचा तेथें गुरुजी आणि परका यांत भेद नसावा.

आमच्या शेजाऱ्याच्या दाव्यांत दोन वर्षें मोजणी, नकाशे व पंचनामे यांचा कीस पडला होता. न्यायाधीशांनीं कागद बाजूला सारले आणि विचारलें, "दादा, तुम्हांला नेमकें पाहिजे काय?"

तो म्हणाला, "मले धुरा नाई पायजे, साहेब. पेरनीच्या वक्ती गाडी न्याले वाट पायजे."

समोरचा लगेच म्हणाला, "वाट त कवाबी घे ना बा! धुऱ्याचं बोलू नको."

अर्ध्या तासांत वाटेची रुंदी ठरली, कागद झाला, दोघांच्या सह्या झाल्या. दोन वर्षें जें भांडण धुऱ्याचें म्हणून चाललें तें मुळीं धुऱ्याचें नव्हतेंच.

संध्याकाळीं एस. टी. स्टँडवर ती मुलगी भेटली. गाडीला वेळ होता. चहा घेतां घेतां ती म्हणाली, "गुरुजी, दोन वर्षें मी त्या टेबलाच्या अलीकडे उभी राहिलें, आज पहिल्यांदां पलीकडून पाहिलें. मी तुमच्या शेजाऱ्यांची वकील असतें तर मींही नकाशाच मांडला असता. खालून मला फक्त माझ्या अशिलाचा कागद दिसतो. वरून दोघांचीं तोंडें एकाच वेळीं दिसतात."

मंडळी, हें वाक्य मीं घरीं आल्यावर वहींत लिहून ठेवलें. वकिलाचें काम एका बाजूचें बोलणें हें आहे आणि तें त्यानें जीव तोडून केलेंच पाहिजे. पण ज्याला उद्यां निकाल द्यावयाचा आहे, त्यानें एकदां तरी निकाल देणाराच्या शेजारीं, तोंड मिटून, दिवसभर बसावें. विलायतेंत वकिली करणारांस न्यायाधीशाजवळ दोनतीन दिवस बसून त्याचें काम पाहण्याची सोय न्यायखात्यानेंच करून ठेविली आहे. न्यायाधीश होण्याची ज्याला इच्छा आहे त्यानें आधीं तें काम जवळून पाहावें हा हेतु. आपल्याकडे तालुक्याच्या वकिलाला तसें बसण्याची संधि मिळते ती लोकअदालतींत.

पण त्या दिवशींची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

दुपारीं एका कर्जाचें प्रकरण आलें. नवरा वारलेला, त्याच्या नांवावर पीककर्ज, बायको वारस. माय साठीच्या घरांतली होती. कर्ज देणाऱ्या संस्थेनें तडजोड लिहून आणली होती : कांहीं रक्कम सोडली, उरलेली अमुक मुदतींत भरावी, मुदत चुकल्यास सूट रद्द. न्यायाधीशांनीं मराठींत सावकाश समजावून विचारलें, "कबूल आहे ना?" तिनें मान हालविली. त्यांनीं पुन्हा विचारलें. तिनें पुन्हा मान हालविली. अंगठ्याची शाई पुढें सरकली.

तेवढ्यांत शेजारीं बसलेल्या या मुलीनें न्यायाधीशांची परवानगी घेतली आणि त्या माउलीला कोरकूंत विचारलें, "यांत काय लिहिलें आहे म्हणून तुला कळलें?" माय म्हणाली, "कर्ज माफ झालें. त्याच्या कागदावर अंगठा पाहिजे."

विचार करा! तो अंगठा उमटला असता तर त्यावर अपील नव्हतें. मुदत निघून गेली असती, सूट बुडाली असती, आणि सर्वांनीं म्हटलें असतें, "तिनें भर न्यायालयांत कबूल केलें होतें." त्यांत कोणी खोटें बोललें नसतें!

न्यायाधीशांनीं कागद थांबविला. माउलीला बसावयास खुर्ची दिली. एकेक कलम कोरकूंत सांगविलें. तिनें मग स्वतःच्या तोंडानें सांगितलें कीं सोयाबीन निघाल्याशिवाय माझ्या हातीं पैसा येत नाहीं. संस्थेचा माणूसही समजूतदार निघाला. मुदत सोयाबीननंतरची धरली, रकमेचे दोन हप्ते केले, आणि मग अंगठा झाला.

मंडळ उठल्यावर साहेब त्या मुलीला म्हणाले, "मीं दोनदां विचारलें होतें. तिसऱ्यांदां काय विचारावें हें मला ठाऊक नव्हतें." मीं तिला विचारलें, "तुला कसें कळलें, पोरी?" ती म्हणाली, "गुरुजी, माझी आईही कांहीं कळलें नाहीं म्हणजे अशीच मान हालविते."

न्यायाधीशांना दोष देऊं नका. ते सज्जन होते, म्हणूनच त्यांनीं दोनदां विचारलें, म्हणूनच एका कनिष्ठ वकिलाचें ऐकून कागद थांबविला. पण सज्जनपणानें कोरकू येत नाहीं. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळांतली, अगदीं निराळ्या घराण्याची भाषा आहे. त्या खुर्चीवरून पुष्कळ दिसतें, पण सगळें ऐकूं येत नाहीं. म्हणून त्या खुर्चीवर, निदान तिच्या शेजारीं, कोणाच्या घरचें माणूस बसलें आहे याला महत्त्व आहे. आपल्या माणसाला झुकतें माप मिळावें म्हणून मी हें म्हणत नाहीं. माप सरळ पडावयाचें तर आधीं समोरच्याचें म्हणणें कळलें पाहिजे.

आतां माझीच एक गोष्ट सांगतों. सांगतांना लाज वाटते, तरी सांगतों. नोकरीच्या दुसऱ्या वर्षीं माझ्या वर्गांत एका मुलाची पाटी फुटली. वर्गनायकानें पहिलींत नव्यानेंच आलेल्या एका कोरकू मुलाकडे बोट दाखविलें. मीं त्याला विचारलें, "तूं फोडलीस?" त्यानें मान हालविली. मीं ती कबुली समजलों व दोन छड्या दिल्या. दुसऱ्या दिवसापासून तें पोर आलें नाहीं. महिन्याभरानें कळलें कीं पाटी वर्गनायकाच्याच पायाखालीं फुटली होती. मी त्या मुलाच्या घरीं गेलों तों दाराला कडी. आईबाप मजुरीसाठीं बाहेरगांवीं निघून गेले होते, पोराला घेऊन. त्या मुलाची माफी मागावयाची राहिली ती राहिलीच. चाळीस मुलांचा मी न्यायाधीश होतों. आरोप ऐकला, मान पाहिली, निकाल दिला. माझ्या शेजारीं तेव्हां कोणी बसलेलें नव्हतें.

असो. त्या दिवसानंतर त्या मुलीनें एक नेम धरला. न्यायालयाचें काम, कायद्यानें सांगितलेले कांहीं नाजूक खटले सोडले, तर उघड्या दारानें चालतें. स्वतःचें काम नसेल त्या दिवशीं ती मागच्या बाकावर वही घेऊन बसते. दोन्हीं बाजूंचें बोलणें झालें कीं, न्यायाधीश काय म्हणतात हें कळण्यापूर्वीं, ती आपला निकाल व त्याचीं कारणें वहींत लिहिते. खरा निकाल आला म्हणजे ताडून पाहते. पहिल्या महिन्यांत निम्म्याहून अधिक ठिकाणीं आपलें चुकलें असें तिनें मला सांगितलें. "निकाल मनांत लगेच येतो, गुरुजी, कारण लिहावयास बसलें म्हणजे पेन अडतो." पेन अडतो तेथेंच न्यायाधीशाचें काम सुरू होतें असें मला वाटतें.

विद्यार्थ्यांनो, या खुर्चीपर्यंतची वाट आपल्यासाठीं कोणीं मोकळी केली हेंही ऐका. महात्मा फुल्यांनीं १८८३ सालीं "शेतकऱ्याचा असूड" लिहिला, त्यांत सरकारी कचेऱ्यांमध्यें अज्ञानी शेतकऱ्याची कशी नागवण होते हें मांडलें. कागद दुसऱ्याच्या हातांत, कायदा दुसऱ्याच्या तोंडांत, आणि अंगठा तेवढा आपला, अशी ती स्थिति. करवीरच्या शाहू महाराजांनीं अस्पृश्य मानलेल्या समाजांतल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. १९२३ सालीं बाबासाहेब आंबेडकरांनीं मुंबईस वकिली सुरू केली आणि त्याच सालीं बायकांना वकिली करण्याची आडकाठी कायद्यानें दूर झाली. १९२६ सालीं "देशाचे दुश्मन" या पुस्तकावरून पुण्यास जो बदनामीचा खटला गाजला, त्याच्या अपिलांत जेधे-जवळकर प्रभृतींच्या बाजूनें बाबासाहेब उभे राहिले व ते सर्व सुटले. आणि आपल्याच अमरावतींत १९६० सालीं जन्मलेले भूषण गवई १४ मे २०२५ रोजीं देशाचे सरन्यायाधीश झाले व २३ नोव्हेंबर २०२५ पर्यंत त्या पदावर होते. १९८५ सालीं वकिलींत आल्यावर आरंभीं ते बॅरिस्टर राजा भोसले यांच्या हाताखालीं राहिले. हे भोसले महाधिवक्ता होते आणि उच्च न्यायालयाचे न्यायाधीशही राहिलेले होते. म्हणजे देशाच्या सर्वांत वरच्या खुर्चीवर बसलेला अमरावतीचा माणूस प्रथम एका माजी न्यायाधीशाच्या शेजारींच उभा राहून शिकला.

सरन्यायाधीश झाल्यावर सहाव्या दिवशीं, २० मे २०२५ रोजीं, त्यांच्याच पीठानें आपल्या विषयाचा निकाल दिला. त्याची मागची हकीकत अशी. कनिष्ठ न्यायालयाचा न्यायाधीश होण्यापूर्वीं तीन वर्षें वकिली केलेली असावी असें सर्वोच्च न्यायालयानें १९९३ सालीं म्हटलें होतें. २००२ सालीं शेट्टी आयोगाच्या शिफारशीवरून ती अट काढली. हुशार मुलें पदवी घेतांच या नोकरींत यावींत हा हेतु. पुढें पुष्कळ उच्च न्यायालयांनीं अनुभव सांगितला कीं नुसत्या पुस्तकावर आलेल्या कोवळ्या पदवीधराला न्यायालय चालवितांना जड जातें. म्हणून २०२५ च्या निकालानें तीन वर्षांची अट पुन्हा घातली. न्यायाधीशाजवळ लॉ क्लर्क म्हणून केलेलें काम त्या मुदतींत धरावें असें ठरविलें. आणि निवड झाल्यावरही खुर्चीवर बसण्यापूर्वीं किमान एक वर्षाचें शिक्षण आवश्यक केलें. तात्पर्य, आधीं पाहा, ऐका, शेजारीं बसा, आणि मग निकाल द्या. हें तत्त्व मला पटतें. दोन छड्यांचा अनुभव असलेल्या माणसाला तें पटणारच!

पण तत्त्व पटलें म्हणून पोट भरत नाहीं. तीन वर्षें खावयाचें काय? ज्याच्या बापाचें शहरांत घर आहे, चुलता वकील आहे, त्याला हीं तीन वर्षें म्हणजे उमेदवारी. आपल्या मुलाला तीं उपासमार. त्या मुलीनें मला तिच्या पहिल्या वर्षाचा हिशेब सांगितला : खोलीचें भाडें, एस. टी., पुस्तकें, आणि मिळकत इतकी कीं महिनाअखेर आईच्या मजुरींतून पैसे मागवावे लागत. लेक काळा कोट घालणार आणि माय तिच्यासाठीं दुसऱ्याच्या शेतांत निंदण करणार, हें किती दिवस चालावें? ती दोनदां वकिली सोडावयास निघाली होती. ती सोडून गेली असती तर त्या दिवशीं साठीच्या त्या माउलीला कोरकूंत कोणीं विचारलें असतें?

ऑक्टोबर २०२४ मध्यें बार कौन्सिलनें सूचना केली कीं ज्येष्ठ वकिलांनीं आपल्या हाताखालच्या नव्या वकिलाला शहरांत महिना वीस हजार व ग्रामीण भागांत पंधरा हजार रुपये द्यावे. सूचना चांगली आहे. पण ती सूचनाच, सक्ती नव्हे. तिच्या भरंवशावर बसूं नका. शाहू महाराजांनीं १९०१ पासून वसतिगृहें उघडलीं, पंजाबराव देशमुखांनीं अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय चालविलें, तीं कां? मुलगा हुशार असून भागत नाहीं, त्याच्या दोन वेळच्या भाकरीची सोय कोणी तरी करावी लागते, हें त्यांना ठाऊक होतें म्हणून. आतां त्या सोयीची मुदत पदवीपर्यंत नव्हे, पदवीनंतर आणखी तीन वर्षें वाढवावी लागेल, इतकाच फरक.

तेव्हां माझें मागणें तीन प्रकारचें आहे.

एक : "शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये" ही म्हण आपण मुलांना शिकवीत आलों. भांडणासाठीं चढूं नये हें खरें. पण पाहण्यासाठीं, शिकण्यासाठीं अवश्य चढावें. शहाण्यांनींच चढावयाचें नाहीं तर तेथें बसावयाचें कोणीं? दहावी-बारावीच्या मुलांना शिक्षकांनीं रीतसर विचारून एक दिवस न्यायालय दाखवावें आणि त्यांच्याकडून वहींत निकाल व कारणें लिहून घ्यावीं. या वर्षीं मी स्वतः हें करणार आहें.

दोन : अनुसूचित जाति-जमातीचा माणूस, कोणतीही स्त्री, बालक, अपंग, कैदी यांना उत्पन्न न पाहतां फुकट वकील मिळण्याचा कायद्यानें हक्क आहे. तालुक्याच्या विधि सेवा समितीकडे अर्ज करावयाचा. हें आजच घरोघर सांगा. आणि ज्याला न्यायालयांत मराठी समजत नाहीं त्यानें मान हालवूं नये, तोंडानें सांगावें, "मला समजलें नाहीं, माझ्या बोलींत सांगा." असें म्हणणें उद्धटपणा नव्हे. न समजतां दिलेल्या होकारापेक्षां तें न्यायाधीशाला शंभरपट उपयोगाचें आहे.

तीन : आपल्या तालुक्यांतलें जें मूल कायदा शिकून येईल, त्याच्या पहिल्या तीन वर्षांसाठीं सर्वांनीं मिळून निधि उभारावा. लग्नांत आपण बँडवर आणि मंडपावर जें उधळतों त्याचा दहावा हिस्सा पुरे. पहिलें नांव माझें लिहा : माझ्या पगारांतून दरमहा एक हजार रुपये, आजपासून. मी श्रीमंत आहें म्हणून देत नाहीं. एका मुलाचें देणें माझ्याकडे राहिलें आहे. तो सांपडत नाहीं, म्हणून तें दुसऱ्या कोणाला तरी फेडतों.

ती मुलगी यंदां न्यायाधीशपदाच्या परीक्षेस बसणार आहे. ती निवडली जाईल कीं नाहीं हें मला सांगतां येत नाहीं. परीक्षा कठीण आहे व जागा थोड्या. पण यंदां नाहीं तर पुढें, ती नाहीं तर तुमच्यांतली दुसरी कोणी त्या टेबलाच्या पलीकडे बसेल. तेव्हां समोरच्या माउलीनें मान हालविली तर तिला तिसऱ्यांदां काय विचारावयाचें हें तुम्हांला ठाऊक असेल.

वहीच्या पहिल्या पानावर नांवें लिहावयास घेतलीं आहेत. सभा संपल्यावर ती वही दारापाशीं ठेवीत आहें. इतकें बोलून मी आपली रजा घेतों.